खळ घातलेले लंगोट

माणसाच्या संस्कृतीची पहिली पताका म्हणजे लंगोट. तो सुती असेल तर पिढी तेजस्वी निघते आणि प्लास्टिकचा असेल तर पिढी प्लास्टिकची निघते.

हे वाक्य माझं नाही. ते प्रमिलाताईंचं आहे आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, प्रजासत्ताक दिनी सकाळी. झेंडा वर गेला होता, राष्ट्रगीत झालं होतं आणि सतरंजीवर बसलेली मंडळी मिसळीची वाट बघत होती. अध्यक्षांनी 'दोन शब्द' बोलायची विनंती केली म्हणून ताई उठल्या आणि लंगोटावर बोलत राहिल्या. पातेल्यातल्या तर्रीवर थर धरला, लहान मुलं नुसतेच पाव खाऊ लागली. शेवटी टाळ्या जोरात पडल्या, कारण भाषण संपलं होतं.

प्रमिलाताई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. आमची इमारत नाशिकला, गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत. ताईंनी कॉलेजात गृहविज्ञान शिकवण्यात नोकरी घालवली होती आणि मी एका शाळेच्या ग्रंथालयात; त्यामुळे त्या मला 'ग्रंथपालबाई' म्हणत. म्हणताना शेवटच्या अक्षरावर किंचित हसत. मी त्यांना ताईच म्हणे. वयानं त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या, पण त्यांना ताई न म्हणण्याची सोय नव्हती.

उंच, ताठ बाई. कायम सुती साडी, तीही कडक खळ घातलेली. त्या जिना चढू लागल्या की आधी साडीचा कुरकुर आवाज वर येई, मग त्या येत. बोलणं सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबून, म्हणजे समोरच्याला लिहून घेता यावं. कुठल्याही वादात दोनच वाक्यं त्यांच्या कामी येत: 'तत्त्व म्हणजे तत्त्व' आणि 'हे सायन्स आहे'. पहिलं वाक्य माहिती नसेल तेव्हा, दुसरं मुळीच माहिती नसेल तेव्हा.

लंगोटाच्या आधी त्यांचं तत्त्व तांब्याच्या भांड्यातलं पाणी होतं. त्याच्या आधी मायक्रोवेव्हला विरोध. सून ऋतुजा हिला दिवस गेल्याचं कळलं आणि पाचव्या महिन्यात ताईंनी व्हिजिटिंग कार्डं छापून आणली: 'कापडी लंगोट अभियान, संस्थापक-अध्यक्ष'. अभियानात दुसरं कुणी नव्हतं, पण अध्यक्षपद रिकामं ठेवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

अभियानाचं पहिलं काम रोज सकाळी घंटागाडीपाशी चाले. गाडी गल्लीत आली की आम्ही सगळे आपापले डबे घेऊन खाली जात असू. ताई डबा न घेता जात. त्या गाडीशेजारी उभ्या राहून इतरांचा कचरा बघत. डायपर लोक वर्तमानपत्रात गुंडाळून टाकतात. ती पुडकी ताई छत्रीच्या टोकानं ढोसून बघत आणि एकदा तर त्यांनी एक पुडकं सोडूनच पाहिलं.

गाडीवरचा माणूस हात जोडून म्हणाला, "मॅडम, उकलू नका ओ. आम्हाला पगार आहे तरी नको वाटतं, तुम्हाला तर पगारबी नाही."

"मी पुरावा बघते आहे," ताई म्हणाल्या.

पुरावा मिळाला. पुडकं इंग्रजी वर्तमानपत्राचं होतं आणि आमच्या इमारतीत इंग्रजी वर्तमानपत्र एकाच घरी येई: पहिल्या मजल्यावरचं तरुण जोडपं, तीन महिन्यांची मुलगी. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इंग्रजी वाचणाऱ्या एका सुशिक्षित कुटुंबास नम्र विनंती' आली. दुसऱ्या आठवड्यापासून त्या घरी मराठी वर्तमानपत्र येऊ लागलं. मी आयुष्यभर मराठी वाचनाच्या प्रसारासाठी खपले. ताईंइतकं ठोस यश मला कधी आलं नाही.

कापडाशी माझं वैर नाही, हे इथंच सांगून टाकते. जुन्या सुती साडीचा शंभरदा धुतलेला चौकोन याहून मऊ वस्तू बाळाच्या अंगाला लागत नाही. घंटागाडीत ओल्या डायपरचा ढीग मीही पाहिला आहे आणि तो शेकडो वर्षं कुठंतरी पडून राहणार हेही खरं असावं. कापड चांगलं आहे. ताई चांगल्या नव्हत्या.

ऋतुजा मूळची मनमाडची, वडील रेल्वेत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ताईंनी मोडली. मोडली ती सुधारणा म्हणून नव्हे. "मनमाडला पाण्याची बोंब," त्या विहीणबाईंना फोनवर म्हणाल्या, "लंगोट कशात धुणार तुम्ही?" विहीणबाईंनी तुपातले डिंकाचे लाडू तेवढे पाठवून दिले.

ऋतुजा अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होती. तीन वर्षं कंत्राटावर काढल्यावर ती नुकती कायम झाली होती. सव्वीस आठवड्यांची रजा संपली की तिला कामावर परत जायचं होतं. एवढीच तिची इच्छा होती आणि पुढं जे झालं ते सगळं या एवढ्या इच्छेभोवती झालं.

मुलगा झाला. सिझेरियन. दवाखान्यातल्या नर्सनं बाळाला डायपर बांधला होता, ताईंनी खोलीत शिरताच तो सोडवला, चिमटीत धरला आणि नर्सला विचारलं, "तुम्ही स्वतः आई आहात का?" नर्स म्हणाली, "दोनदा." ताईंनी तरी तिला कार्ड दिलं.

घरी आल्यावर पद्धत ठरली. ओला लंगोट आधी गार पाण्यात, मग रिठ्याच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात, मग तीन वेळा खळबळून उन्हात. वॉशिंग मशीनला बंदी. "यंत्राला माया नसते," ताई म्हणत. हे सगळं करायची ती मंगल. पेठ तालुक्याकडची बाई, अंगानं बारीक, आमच्या जिन्यातल्या चार घरची धुणीभांडी तिच्याकडं होती. ताईंनी ते मायेचं वाक्य मंगलच्या देखत एका पाहुणीला ऐकवलं, तेव्हा ती मोरीतून म्हणाली, "मशीनला माया नाय, न मला कुठं हाय? मला पगार हाय."

पाहुणी हसली. ताईंनी तिला सांगितलं, "ही फार प्रेमळ आहे."

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा ताईंनी पहिली कार्यशाळा घेतली. त्यांच्याच दिवाणखान्यात, खुर्च्या माझ्या. दहाबारा गरोदर मुली आणि त्यांच्या सासवा बोलावल्या होत्या. लंगोट दिसायला चांगले दिसावेत म्हणून ताईंनी आदल्या दिवशी दोन डझन लंगोट आपल्या साड्यांच्या गठ्ठ्याबरोबर लाँड्रीत पाठवले. लाँड्रीवाल्यानं विचारलं, हे काय करायचं? ताई म्हणाल्या, "सगळं कॉटन आहे, नेहमीसारखंच कर." त्यानं नेहमीसारखंच केलं. ताईंचं कॉटन म्हणजे कडक खळ, हे त्या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं पाठ होतं.

सकाळी गठ्ठा सोडताना मी तिथंच होते. लंगोट त्रिकोणी घडीत होते, पांढरेशुभ्र, आणि टेबलावर ठेवला की प्रत्येक जण आपला आपण उभा राहत होता. मंगलनं एक हातात घेतला, बोटानं टकटक करून पाहिलं. "ताई, ह्ये तर पापडावानी झालं."

"ती स्वच्छता आहे," ताई म्हणाल्या.

ऋतुजा म्हणाली, "आई, हे टोचेल त्याला. जुना बांधूया का?"

"जुना डाग पडलेला आहे. लोक बघणार आहेत."

लोकांनी पाहिलं. ताईंनी 'शून्य रसायन, शून्य आवरण, शुद्ध श्वास' असं म्हणत बाळाला लंगोट बांधला आणि बाळानं जी किंकाळी फोडली ती खालच्या वॉचमननं ऐकली. बाळाला पाय आखडून घेता येईना, कारण लंगोट वळेना. ऋतुजानं दोनदा हात पुढं केला, ताईंनी दोनदा तो बाजूला केला. मग बाळानं ओलं केलं. खळीचा लंगोट ओला झाला की काय होतं, हे गृहविज्ञानाच्या पुस्तकात असेलच: चिकट, पिठूळ पाणी मांड्यांवरून ओघळू लागलं. एक सासूबाई मान वळवून आपल्या सुनेला म्हणाल्या, "आपण पॅकेटच आणू गं."

संध्याकाळपर्यंत बाळाच्या मांड्या लालबुंद झाल्या. ताईंनी त्या नीट पाहिल्या, चष्मा लावून पाहिल्या आणि निदान केलं: दवाखान्यात पहिल्या दिवशी बांधलेल्या डायपरमधलं रसायन आता चार महिन्यांनी बाहेर पडत होतं.

"हे सायन्स आहे," त्या म्हणाल्या.

मंगलनं ते चोवीस लंगोट तीन वेळा उकळून खळ काढली. त्याबद्दल कुणी तिला काही म्हटलं नाही.

पावसाळा लागला आणि उन्हाची बाजू कोसळली. ताईंच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या गेल्या. स्वयंपाकघरात लंगोट, टीव्हीवर लंगोट, ताईंच्या सत्काराच्या शालींवर लंगोट. ताई मात्र दोऱ्यांखालून वाकून कधी गेल्या नाहीत; त्या आपल्या खोलीत बसून बाहेरच्या कार्यक्रमांची आमंत्रणं स्वीकारत. त्या खोलीत दोरी नव्हती.

एके दिवशी मंगल माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केले. बोटांच्या पेरांना चिरा होत्या, तळव्याची साल निघाली होती. तेच हात तिनं नंतर ताईंनाही दाखवले.

"ताई, भाकर थापताना झोंबतं हो. मी लंगोटांचं काम नाय करत आता."

"रिठा नैसर्गिक आहे मंगल. त्यानं हात फुटत नाहीत."

"मंग ह्ये हात खोटं हायत का?"

ताईंनी थोडा विचार केला. "तू घरी कुठला साबण वापरतेस?"

मंगलनं त्या दिवसापासून त्यांचं घर सोडलं. बाकीची तीन घरं करायला ती येत राहिली. जिन्यात ताई दिसल्या की पदरात हात घेई. नवी बाई दोनदा आली, पद्धत ऐकून दोनदाच आली. मग लंगोट ऋतुजाकडं आले. बाळ दिवसाला पंधरा-सोळा ओले करी. ऋतुजा पहाटे गार पाण्यात टाके, दुपारी उकळे, संध्याकाळी पंख्याखाली पसरी. पोटावरची टाक्यांची जागा धरून मोरीत बसलेल्या तिला मी अनेकदा पाहिलं. ताई दारातून म्हणत, "तिसऱ्यांदा खळबळलंस का? तिसरं पाणी महत्त्वाचं."

तिचा नवरा निखिल घरूनच काम करी, कानाला हेडफोन लावून. आईनं काही म्हटलं तरी आणि बायकोनं काही म्हटलं तरी त्याचं उत्तर एकच: "बघू आपण." वाईट नव्हता तो. फक्त बघत होता.

रजा संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा ऋतुजा एका दुपारी बाळाला घेऊन माझ्याकडं आली. बाळाच्या दुपट्यात एक पाकीट होतं. डायपरचं.

"काकू, हे तुमच्या कपाटात ठेवाल? मला फक्त दुपारी दोन तास झोपायचंय."

मी ते शब्दकोशांच्या मागं ठेवलं. ताई शब्दकोशांच्या वाटेला कधी जात नसत. त्यानंतर रोज दुपारी बाळ माझ्या दिवाणावर डायपर बांधून झोपे आणि ऋतुजा खाली चटईवर, तोंड उघडं टाकून झोपे. दोन तासांनी लंगोट परत बांधून दोघं समोर जात. नऊ दिवस हे चाललं.

दहाव्या दिवशी ताईंना कुठल्याशा कार्यक्रमासाठी माझ्या खुर्च्या हव्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. साडीचा आवाज मी ऐकला, पण उठेपर्यंत त्या आत आल्या होत्या.

"हे काय?"

"बाळ," मी म्हणाले.

"मी कमरेचं विचारते आहे, ग्रंथपालबाई."

ऋतुजा जागी झाली. केस सावरत उठून बसली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"आई, मला झोप हवी होती."

"तुला झोप मिळावी म्हणून तू त्याला प्लास्टिकमध्ये बांधलंस?"

"हो."

ताईंना 'हो' या उत्तराची सवय नव्हती. त्या पुढचं वाक्य जुळवू लागल्या. तेवढ्यात ऋतुजानं उरलेलंही सांगून टाकलं. "सोमवारी मी कामावर जातेय. पाळणाघरात नाव घातलंय. त्या बाई म्हणाल्या, कापडी आणू नका, आमच्याकडं धुवायला कुणी नाही. रोज पाच डायपर पिशवीत द्यायचे."

"माझा नातू डायपर बांधून पाळणाघरात जाणार? उद्या लोक मला काय विचारतील?"

"मग त्याला घरी ठेवते. तुम्ही सांभाळाल? लंगोट तुम्ही धुवाल?"

"प्रश्न धुण्याचा नाही. तत्त्वाचा आहे. वर्षभर नोकरी नाही केलीस तर काही बिघडत नाही. आईपण एकदाच येतं."

"वर्षानं ती जागा माझी राहणार नाही."

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

ऋतुजा बाळाकडं बघत म्हणाली, "आई, निखिलचे लंगोट कोण धुवायचं?"

ताई म्हणाल्या, "सासूबाई."

"आणि तुम्ही?"

"मी कॉलेजात असे. माझी नोकरी नवी होती, सोडून कसं चाललं असतं?" आणि मग, आपण काय बोललो हे लक्षात येऊन, घाईनं: "तो काळ वेगळा होता."

"काळ नव्हता वेगळा, आई. सासू वेगळी होती."

यावर ताईंनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्या शांतपणे माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "खुर्च्या आठ मिळतील का?"

रात्रीच्या जेवणाआधी समोरून बराच वेळ ताईंचं सावकाश बोलणं ऐकू येत होतं आणि मधूनमधून निखिलचं 'बघू आपण'. सकाळी ऋतुजा दोन बॅगा आणि बाळ घेऊन जिन्यात आली. मंगल तेव्हा माझ्याकडं भांडी घासत होती. तिनं हात पुसले, एक बॅग उचलली आणि रिक्षापर्यंत नेली. ऋतुजा मनमाडला गेली. सोमवारी सकाळी ती मनमाडहून गाडीनं नाशिक रोडला उतरली आणि तिथून अंबडला कामावर हजर झाली. पुढंही रोज तशीच जाऊन येऊन करत राहिली. दमत असणार. फोनवर मात्र झोप लागते म्हणाली.

बाळाला तिची आई सांभाळे. मी एकदा मुद्दाम जाऊन आले. पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले होते आणि अंगणात दोरीवर जुन्या साड्यांचे चौकोन वाळत होते, फुलाफुलांचे, कडा वेड्यावाकड्या कापलेले. मी विचारलं, "तुम्हीही कापडच वापरता?"

"घरात असलं की कापड. गावाला न्यायचं, बरं नसलं, पाणी नाही आलं तर पाकीट," विहीणबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

'त्यात काय एवढं' या विषयावर त्यांनी आजवर कुठं व्याख्यान दिलेलं नाही. लंगोट खळबळलेलं शेवटचं पाणी त्या कढीपत्त्याला घालत. निखिल दर शनिवारी तिथं जाई आणि जाताना पाकीट घेऊन जाई, असं ऋतुजानं सांगितलं. म्हणजे शेवटी त्यानं बघितलं.

इकडं ताईंनी सोसायटीत सांगितलं, की बाळाला मोकळी हवा मानवते म्हणून त्यांनीच त्याला मनमाडला पाठवलं आहे. सून, नातू वर्षभर आले नाहीत. ग्रुपवर ताई बाळाचे जुने फोटो टाकत राहिल्या; त्यांच्या मजकुरात बाळ कायम पाच महिन्यांचं राहिलं. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं. अभियानाचा मला झालेला एवढाच फायदा. घरातल्या दोऱ्या निघाल्या. एकदा त्यांचं दार उघडं होतं तेव्हा पाहिलं, ताई एकट्याच टेबलाशी बसून एका लंगोटाची घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

पुढं मी इंदिरानगरला राहायला गेले. त्यानंतर ताईंना एकदाच पाहिलं. तिथल्या एका महिला मंडळात 'भारतीय मातृत्व आणि वस्त्र' असं व्याख्यान होतं. शेजारीण मला ओढून घेऊन गेली आणि मंचावर ताईच निघाल्या. साडी तशीच कडक, आवाज तसाच सावकाश. समोरच्या टेबलावर प्रात्यक्षिक मांडलं होतं. लंगोट बांधून झाला, गाठ दाखवून झाली, मग पृथ्वी, नद्या, पुढच्या पिढ्या, ऋषिमुनी असं सगळं झालं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका दमलेल्या मुलीनं हात वर केला. तिच्या मांडीवर बाळ होतं.

"ताई, पण हे दिवसातून किती वेळा बदलावं लागतं? आणि धुवायचं कसं जमवायचं?"

ताईंनी टेबलावरचा लंगोट दोन बोटांनी चाचपला, सभागृहाकडं पाहिलं आणि विजयी स्वरात म्हणाल्या, "तास होऊन गेला. बघा, अजून कोरडा आहे."

बाहुली प्लास्टिकची होती.